फॉइलसाठी नवी शिडं: माजलगाव धरणावरच्या नोंदी

२८ मे

मी माजलगाव धरणावर विंडसर्फिंग करतो, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्यानं पाण्यावरून जायचं. बोर्डाखाली फॉइल असतं, म्हणजे खांबाला लावलेला पाण्यातला पंख; वेग आला की तो बोर्डाला पाण्याच्या वर उचलतो. आधी माझ्याकडं काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचे घोळ कळतील. वजन ८१ किलो. बोर्ड ७८ सेंटिमीटर रुंद. खाली फॉइल: ८५ सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा खांब आणि १,५०० चौरस सेंटिमीटरचा पुढचा पंख. शीड एकच, साडेसहा चौरस मीटरचं, दोन कॅमचं (शिडाच्या पुढच्या कडेत मास्टला धरून बसणारे प्लास्टिकचे चिमटे), जुन्या रेसिंगच्या काळातलं. मास्ट, म्हणजे शिडाची डोलकाठी, ४६० सेंटिमीटरचा, जाड नळीचा. हे सगळं तीन वर्षांपूर्वी गोव्यात एकाकडून एकगठ्ठा घेतलेलं. विंडसर्फिंग फौजेत असताना मुंबईत शिकलो. फॉइल गावी आल्यावर, पडून-धडपडून.

आज पत्र्याच्या शेडमधून शीड काढून ताडपत्रीवर उघडलं तर मधल्या दोन पट्ट्यांची मोनोफिल्म, म्हणजे शिडाचं पारदर्शक प्लास्टिक, पापडासारखी तडकली. बाहेर ४२ अंश असतात तेव्हा पत्र्याखाली किती होत असतील देव जाणे. शीड ऊन लागू नये म्हणून आत ठेवलं आणि आतच भाजून काढलं. ज्यांच्याकडं पत्र्याचं शेड आहे त्यांनी शीड घरात, पलंगाखाली ठेवावं. घरचे काय म्हणतील ते ऐकून घ्यावं.

खरं तर हे शीड तडकायच्या आधीपासूनच चुकीचं होतं. पूर्वी पाण्याला घासत जाणारा, खाली फिन म्हणजे छोटी पाती असलेला बोर्ड होता, त्याला हे ठीक. फॉइलवर बोर्ड वर उचलायचा तर शीड दोन्ही हातांनी पंख्यासारखं तीन-चार वेळा जोरात ओढावं लागतं, त्याला पंपिंग म्हणतात. या शिडाची मागची कड वरून इतकी सैल सुटते की ओढलं तरी वारं निसटून जातं. बूम, म्हणजे हातात धरायचा आडवा दांडा, लांब, त्यामुळं मागच्या हातावर सगळा भार. ओलं शीड पाण्यातून उचलताना तर गोणी उचलल्यासारखं वाटतं. म्हणून नवं घ्यायचं ठरवलं. एक की दोन, ते अजून ठरलेलं नाही.

३ जून

आज पाणी मोजलं. भोईमामांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, दोरीला दगड बांधून, दर अर्ध्या मीटरला गाठ. फॉइलचा खांब ८५ सेंटिमीटर म्हणजे कमरेच्या वर पाणी पाहिजे, तेही खाली काही नसेल तर. धरण आता तळाला गेलंय. आमच्या बाजूच्या काठावरून दोनशे पावलं चाललो तरी पाणी गुडघ्यालाच, आणि पायाखाली काळा गाळ. खोल पाणी फक्त सिंदफणेच्या जुन्या पात्रात, तिथं दोरी चार-पाच मीटर गेली. पण ते पात्र भिंतीकडं सरकत जातं, आणि या दिवसांतलं पश्चिमेचं वारं माणसाला सरळ भिंतीच्या दगडी पिचिंगवर नेऊन आपटतं. भिंतीपासून आणि दरवाजांपासून लांब राहायचं हे धरणात उतरायच्या माझ्या अर्जात मीच लिहून दिलंय, त्यामुळं तिकडचा प्रश्नच नाही. वापरता येईल असा पट्टा उरला तो साधारण सहाशे मीटर लांब आणि अडीचशे मीटर रुंद.

काहींनी विचारलं की पैठणला का जात नाही, तिथं केवढं पाणी. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे. तिथं शीड घेऊन उतरायचं माझ्या डोक्यात नाही.

तराफा परत आणताना मामा म्हणाले, "फौजी, वारं हाय तवा पाणी न्हाई. पाणी येयलंय तवर वारं गेलेलं असतंय. तुमी कशाच्या भरवशावर पैसे घालायलाव?" मी हसण्यावारी नेलं. ही या कामातली पहिली चूक.

७ जून

हातात धरायचं वाऱ्याचं मीटर १,४०० रुपयांना घेतलं. आठ दिवस दुपारी चारला काठावर उभं राहून आकडे लिहिले. सरासरी १३ नॉट, म्हणजे ताशी २४ किलोमीटर. झोत १९-२० पर्यंत, मधेच ८ वर बसतं. समुद्रावर वारं येतं ते एका लयीत येतं. इथं बालाघाटाच्या माळावरून, पवनचक्क्यांच्या रांगा ओलांडून येतं आणि उतरल्यावर वाटेत झाडं, टेकाडं, तापलेली रानं. त्यामुळं सरासरीवर शीड निवडू नका. झोत आणि बसका वारा यांच्यातलं अंतर बघा.

कंपन्यांच्या तक्त्यात ८० किलोच्या माणसाला इतक्या वाऱ्यात इतकं शीड, असं छापलेलं असतं. ते तक्ते थंड समुद्रकिनाऱ्यावर बसून केलेले असतात. आपण समुद्रसपाटीपासून सव्वाचारशे मीटरच्या वर, हवा ३६ अंश. ती हवा त्यांच्या १५ अंशाच्या हवेपेक्षा १२-१३ टक्के पातळ भरते. आपला १५ नॉटचा वारा शिडाला १४ सारखा लागतो. फरक फार नाही, पण दोन मापांमध्ये अडलात तर मोठ्याकडं झुका.

९ जून

आजचं काम सगळ्यात उपयोगाचं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

शीड मास्टच्या वाकण्यावर बेतून शिवलेलं असतं. सगळे मास्ट सारखे वाकत नाहीत. काहींचा शेंडा ताठ असतो त्याला हार्ड टॉप, काहींचा लवचिक त्याला फ्लेक्स टॉप, मधल्याला कॉन्स्टंट कर्व्ह म्हणतात. शीड एकाचं आणि मास्ट दुसऱ्याचा असला की कितीही ताणा, सुरकुत्या जात नाहीत. माझ्या ४६० वरची अक्षरं उन्हानं उडालेली, त्यामुळं तो कुठल्या जातीचा हेच माहीत नव्हतं.

घरी मोजता येतं. मास्ट जोडून दोन्ही टोकं टेकवायची. मी दोन खाटांच्या गातांवर टेकवली. दोन्ही टोकांना एक सुतळी ताणून बांधायची, ती आपली पट्टी. मग बरोबर मध्यावर ३० किलो वजन टांगायचं आणि मास्ट किती खाली आला ते तीन ठिकाणी मोजायचं: बुडाकडून पाव लांबीवर, मध्यावर, आणि शेंड्याकडून पाव लांबीवर. वजनाला बियाण्यासाठी ठेवलेलं घरचं सोयाबीन काट्यावर ३० किलो मोजून कट्ट्यात भरलं. दोन दिवसांवर पेरणी आलेली आणि मी अंगणात काठीला सोयाबीन टांगून खाली वाकून बघतोय. चुलत्यांनी गेटातूनच विचारलं, "काय तोलायलास रे?" समजावून सांगण्यात अर्थ नव्हता.

आकडे असे आले. मध्यावर १८.२ सेंटिमीटर. लांबी ४६० भागिले १८.२ म्हणजे २५.३, हा त्याचा ताठपणाचा आकडा, आणि ४६० ला २५ च असतो, म्हणजे मास्ट थकलेला नाही. बुडाकडं ११.३, म्हणजे मध्याच्या ६२ टक्के. शेंड्याकडं १४.५, म्हणजे जवळपास ८० टक्के. दोन्हींतला फरक १७.६. फरक १० ते १२ असेल तर कॉन्स्टंट कर्व्ह, ९ पर्यंत हार्ड टॉप, १३ च्या वर फ्लेक्स टॉप. माझा पक्का फ्लेक्स टॉप निघाला. मी जी फॉइलची शिडं बघत होतो ती जवळपास सगळी कॉन्स्टंट कर्व्हची. म्हणजे शीड घ्यायचं तर मास्टही घ्यावा लागणार.

पहिल्यांदा मोजताना सुतळी वाऱ्यानं हलत होती, तेव्हा फरक २१ आला होता. सकाळी, वारं नसताना मोजा.

१४ जून

ऑर्डर दिली. आठ दिवस जे बघितलं त्यातलं कामाचं तेवढं लिहितो.

सुरुवातीला मोह नऊ मीटरचा होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, म्हणजे मार्सेच्या समुद्रात, आयक्यूफॉइल हा फॉइलवरच्या विंडसर्फिंगचा प्रकार पहिल्यांदा आला, त्यात पुरुषांना ९ आणि बायकांना ८ चौरस मीटरचं शीड होतं. त्यांना हलक्या वाऱ्यात उडताना बघून वाटलं की हेच पाहिजे. पण त्यांचा बोर्ड ९५ सेंटिमीटर रुंद, माझा ७८. एवढ्या अरुंद बोर्डावर नऊ मीटर उभं केलं तर मी दिवसभर पोहतच राहीन.

कॅमवाली शिडं सोडली. कॅम असले की बसक्या वाऱ्यातही शिडाचा फुगा टिकतो हे खरं, पण वजन वाढतं, वळताना ते खटकन फिरवावं लागतं, आणि एकट्यानं काठावर बसून बसवताना बोटं सोलून निघतात.

मापात अडलो ते ५.२ आणि ६.६ चौरस मीटरमध्ये. वारं समोर दिसत होतं, मीटरवर १९ दिसत होते. ५.२ मागवलं. पुढची उंची म्हणजे लफ ४३८, बूम १६८, बॅटन म्हणजे शिडातल्या आडव्या काड्या पाच. सोबत ४३० चा बारीक नळीचा मास्ट, कॉन्स्टंट कर्व्ह, ७५ टक्के कार्बन. निवडताना एक गोष्ट डोळे उघडे ठेवून केली: त्याच शिडाच्या मालिकेतलं ६.६ सुद्धा ४३० वरच बसतं. म्हणजे पुढं दुसरं घेतलं तरी मास्ट एकच.

८ जुलै

पार्सल आलं. चोवीस दिवस. त्यातले नऊ फुकट गेले, कारण बिलावर शीड आणि मास्ट एकाच ओळीत "संच" म्हणून लिहिले होते आणि सीमाशुल्काकडून वेगवेगळ्या किमती मागितल्या. मागवताना विक्रेत्याला आधीच सांगा की प्रत्येक वस्तू वेगळ्या ओळीत, वेगळ्या किमतीनं लिहा. मास्टचे दोन तुकडे सव्वादोन-सव्वादोन मीटरचे, त्यामुळं कुरिअरवाला तालुक्याच्या पुढं यायला तयार नव्हता. पुतण्या छोटा हत्ती घेऊन गेला.

हिशोब: शीड ४६,०००. मास्ट ३१,०००. लांब पार्सलचं भाडं १९,५००. सीमाशुल्क, जीएसटी आणि क्लिअरिंग मिळून ३४,७००. एकूण १,३१,२००. बायकोनं आकडा ऐकला आणि एवढंच म्हणाली, "दोन एकर ठिबक झालं असतं." त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

नवा मास्ट पण सोयाबीन टांगून मोजला (पेरून उरलेलं, पुन्हा ३० किलो). मध्यावर २०.४, ताठपणा २१. बुडाकडं १३, शेंड्याकडं १५.५, फरक १२. कागदावर लिहिलंय तसाच निघाला. शीड ताणकाट्याला अडकवलं तर ३.१ किलो. जुनं ५ च्या वर भरतं.

११ जुलै

पहिला दिवस आणि सगळं वाया. वारं १४-१५, मस्त. शीड जुन्या सवयीनं ताणलं: खालची डाउनहॉलची दोरी पाय लावून ओढली, मागची कड वरून तिसऱ्या बॅटनपर्यंत लोंबेपर्यंत. रेसिंगच्या शिडाला असंच करतात. पाण्यात गेलो, पंप केलं, काहीच नाही. पंप केलं, काहीच नाही. दोन तास बोर्ड पाण्यालाच चिकटलेला आणि मनात एक लाख एकतीस हजार. एकदा उचलला तो झोतात, आणि नाक खाली गेलं.

१२ जुलै

काल रात्री शिडाच्या पिशवीवर शिवलेल्या कापडावरचे आकडे नीट वाचले. लफ ४३८ म्हणजे ४३० च्या मास्टला खालचं एक्स्टेन्शन, म्हणजे बुडाला लावून लांबी वाढवायची नळी, ८ वर पाहिजे. मी ते १० वर लावून दोरी पूर्ण ओढली होती. दोन सेंटिमीटर जास्त. ऐकायला काहीच नाही, पण फॉइलच्या शिडाची मागची कड घट्टच राहायला पाहिजे, तिच्यावरच पंपिंगचा जोर.

आज ८ वर लावलं, वरची फक्त एका बॅटनपुरती कड सैल. चौथ्या पंपाला बोर्ड वर आला आणि पाण्याचा आवाज बंद झाला. ज्यांनी फॉइल केलंय त्यांना हा आवाज बंद होणं म्हणजे काय ते माहीत आहे. साठ-सत्तर मीटर गेलो असेन. काठावर म्हशी घेऊन आलेली पोरं ओरडली, "उडालं उडालं!" आणि मी पडलो.

एक्स्टेन्शनवर आणि बूमवर मार्करनं खुणा करून ठेवल्या. तुम्हीही करा. डोळ्याला दोन सेंटिमीटर दिसत नाहीत.

१५ जुलै

बूम घसरला. माझा बूम जाड मास्टचा आणि नवा मास्ट बारीक. मधे बसवायचं रबरी बुश वेगळं मिळतं हे मला माहीत होतं, तरी सायकलच्या ट्यूबचे वेढे देऊन भागवलं. अंगणात हलवून बघितलं तर पक्कं. पाण्यात ओलं झाल्यावर ट्यूब साबणासारखी. पट्ट्याच्या मधोमध बूम छातीवरून गुडघ्यावर आला. उभं राहणं शक्यच नाही. शीड पाण्यात आडवं टाकून, बोर्डावर पालथं पडून हातानं वल्हवत काठाला यायला पाऊण तास लागला, आणि वारं भिंतीकडंच ढकलत होतं. त्या पाऊण तासात सायकलच्या ट्यूबबद्दल बराच विचार केला. बुश मागवलं, १,२५० रुपये, सहा दिवस. ज्या वस्तूवर परत येणं अवलंबून आहे तिथं जुगाड करू नका. बाकी कुठंही करा.

२० जुलै

सगळ्यात महागाची पडझड. पट्ट्याच्या टोकाला वळताना फॉइल कशाला तरी थडकलं. वेड्या बाभळीचं बुंध, पाण्याखाली हातभर. दोन-तीन वर्षं पाणी कमी राहिलं की धरणाच्या पोटात वेडी बाभूळ माजते. मग पाणी चढतं, झाड मरतं, बुंध तसंच राहतं. मी वेगात, बोर्ड जागच्या जागी थांबला आणि मी पुढं शिडावर. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हार्नेसचा, म्हणजे शिडाला अंगानं लटकायच्या पट्ट्याचा, हूक शिडाच्या खालच्या पट्ट्यातून आरपार. वीतभर फाटलं. पुढच्या पंखाची कड दोन ठिकाणी उडाली.

पंख सोपा: इपॉक्सी भरून, दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कागदानं घासून सारखा केला. ३८० रुपये.

शीड मात्र मी स्वतः बिघडवलं. बाजारात ताडपत्री शिवणाऱ्याकडं नेलं. माणूस कारागीर, पण ताडपत्रीला घालतात तशी बारीक, जवळजवळ टाक्यांची शिवण घातली. दिसायला सुरेख. पहिल्याच झोतात सुईच्या भोकांवरून पोस्टाच्या तिकिटासारखं फाटलं, वीतभराचं हातभर झालं. दोष त्याचा नाही, मीच सांगायला पाहिजे होतं.

दुरुस्ती जी टिकली ती अशी. जुन्या साडेसहाच्या पायथ्याचा जाळीदार पट्टा, ज्याला एक्स-प्लाय म्हणतात, तो अजून चांगला होता. मोनोफिल्म तडकली तरी त्यातल्या धाग्यांमुळं हा तडकत नाही. त्याचे दोन तुकडे, कोपरे गोल कापून, फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंनी दुहेरी चिकटपट्टीनं चिकटवले. आधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटनं पुसले. मग कडेनं लांब टाक्यांची नागमोडी शिवण. कोपरे चौकोनी ठेवले तर तिथूनच उकलायला लागतं. शीड अजून त्यावर चाललंय.

बुंधाच्या जागा मामांना विचारून कागदावर मांडल्या. त्यांना सगळ्या पाठ आहेत, कारण जाळी तिथंच अडकतात. मी हे ३ जूनला विचारलं असतं तर दहा दिवस वाचले असते. त्यांच्या जाळ्यांना प्लास्टिकच्या बाटल्यांचे तरंग असतात. दोन तरंगांच्या मधून जायचं नाही, एवढं ठरलंय आमच्यात.

२ ऑगस्ट

मास्टचे दोन तुकडे एकमेकांत अडकले. समुद्रावर वाळू जाऊन अडकतात, इथं काळी माती. ओली असताना सांध्यात गेली, आत वाळली, सिमेंट झालं. मी आणि पुतण्या, दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, पिळलं, रिकाम्या शिव्या दिल्या. पान्हा लावायचा विचार आला होता, बरं झालं लावला नाही, कार्बनची नळी पकडीत चिरते. शेवटी सांध्यावर फडकं गुंडाळून कोमट पाणी अर्धा तास ओतत राहिलो, माती आतून भिजली, मग दोघांनी ओले रबरी हातमोजे घालून उलटसुलट पिळत काढलं. अख्खी सकाळ.

आता सांध्यावर इलेक्ट्रिकचा टेप दोन वेढे, आणि शीड जोडायचं ते ताडपत्रीवरच. ताडपत्री गोखरूसाठीही लागतेच. मोनोफिल्मला गोखरूचं भोक पडलं तर रात्री दिव्यासमोर धरून शोधावं लागतं.

१७ ऑगस्ट

हिशोब मांडला तेव्हा मामांचं वाक्य आठवलं.

११ जुलैपासून आजपर्यंत ३८ दिवस. त्यातले २१ दिवस वारं ५.२ ला पुरेसं होतं. मी पाण्यात गेलो ८ दिवस. बाकीचे १३ कुठं गेले? चार दिवस दुरुस्तीत, तीन बुशची वाट बघण्यात, दोन शेतात फवारणीत. आणि चार दिवस वारं २० च्या पुढं असताना त्या अरुंद पट्ट्यात, भिंत खालच्या अंगाला असताना, उतरायची हिंमत झाली नाही. पहिले चार मी शिकण्यात धरतो, पण शेवटचे चार या जागेचे आहेत, ते दर वर्षी जाणार.

आता पाणी चढायला लागलंय. उजव्या कालव्यानं पैठणचं पाणीही येतं. आणि गेल्या आठवड्यात दुपारी चारचा वाऱ्याचा आकडा ९ वर आलाय. भर वाऱ्यात धरण रिकामं आणि धरण भरलं की वारं मंद. मी मीटरकडं बघून शीड घेतलं, दोरीकडं बघून घ्यायला पाहिजे होतं. आधी ६.६ घ्यायचं होतं.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. ६.६ मागवलं.

या वेळी एकच प्रश्न जास्त विचारला: आठ मीटरच का नको? सप्टेंबर-ऑक्टोबरात ७ ते १० नॉट मिळणार. ७ मध्ये उडायचं तर आठ लागेल. पण आठला ४६० चा कॉन्स्टंट कर्व्ह मास्ट पाहिजे, माझा ४६० फ्लेक्स टॉप. म्हणजे परत मास्ट, परत लांब पार्सल. ६.६ चा लफ ४६२, म्हणजे ४३० ला एक्स्टेन्शन ३२. आणि वारं कमी असताना लवकर उडायचं असेल तर शीड वाढवण्यापेक्षा खालचा पंख मोठा करणं स्वस्त पडतं, तो छोट्या खोक्यात येतो. म्हणून शीड ६.६ वर थांबवलं.

मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं, रंग कुणाला नको असलेला, मळकट जांभळा. शीड ४२,०००, भाडं ८,०००, बाकी शुल्क १६,४००. ६६,४००. फक्त शीड गुंडाळून आलं की भाडं किती खाली येतं बघा. एक्स्टेन्शन माझं ३० पर्यंतचंच आहे हे ऑर्डर दिल्यानंतर लक्षात आलं. ४८ पर्यंतचं वेगळं, ६,२००.

२१ सप्टेंबर

शीड परवा आलं. आज पहिल्यांदा भरल्या पाण्यात. सगळंच वेगळं. काठावरून वीस पावलांवर छातीएवढं पाणी, बुंधं खोल गेलेली, पट्टा आता पट्टा राहिलाच नाही, मोकळा सागर. वारं ९, झोत १२. डाउनहॉल कापडावर लिहिल्याप्रमाणं, या वेळी आगाऊपणा नाही.

उडालो. पंप सात-आठ वेळा करावं लागतं आणि झोताची वाट बघावी लागते, पण एकदा वर आलं की बोर्डाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो आणि ९ मध्येही शीड भरलेलं राहतं. सर्वांत लांब उड्डाण अंदाजे चारशे मीटर. हातांचे दंड पार थकले.

५ ऑक्टोबर

दोन आठवड्यांत सहा वेळा. त्यातल्या चार वेळा उडालो, दोनदा नुसतं उभं राहून ऊन खाल्लं. ७ च्या खाली काही होत नाही, हे कबूल.

एक घोळ निस्तरला. वारं कमी म्हणून मागची आउटहॉलची, म्हणजे शीड बूमच्या मागच्या टोकाला ताणायची, दोरी अगदी सैल ठेवत होतो, शीड पोटासारखं फुगावं म्हणून. उडेपर्यंत ठीक. वर गेल्यावर झोत आला की फुगा मागं सरकतो, मागचा हात ओढला जातो आणि बोर्ड वाऱ्यावर चढून पडतो. तीन सेंटिमीटर ओढलं, थांबलं. हार्नेसच्या दोऱ्याही मुठीएवढ्या पुढं घेतल्या. जुन्या लांब बूमवरच्या जागेवरच त्या बांधल्या होत्या. शीड बदललं की दोऱ्यांची जागा नव्यानं शोधा: हार्नेसमध्ये लटकून दोन्ही हात सोडले तर शीड ना पुढं पडावं ना मागं.

१२ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. दुपारी तीनला वारं एकदम १५ झालं आणि मी खूश होऊन शीड जोडायला लागलो. उत्तरेला काळं झालं होतं. मामा तराफा ओढून बाहेर येत होते, त्यांनी नुसतं आभाळाकडं बोट केलं. आमच्याकडं या दिवसांत वीज पडून माणसं, बैलं जातात. कार्बनची साडेचार मीटरची काठी हातात धरून मोकळ्या पाण्याच्या मधोमध उभं राहायला मी निघालो होतो. शीड गुंडाळलं. वीस मिनिटांत समोरच्या काठावर पडली. या महिन्यातला १५ नॉट हा आपला वारा नाही, ढगाचा आहे.

२ नोव्हेंबर

वारं आता उत्तर-पूर्वेकडून, चार-पाच. यंदाचं काम संपलं.

६.६ वर एकूण ११ दिवस, उडालो ७. ५.२ वर ८ दिवस, उडालो ५. शिडं, मास्ट, बुश, एक्स्टेन्शन, मीटर, दुरुस्त्या धरून २,०७,००० च्या आसपास. ५.२ विकायचा विचार होता, ठेवलं. जूनमध्ये पाणी बघून ठरवू. पुढची खरेदी शिडाची नाही, २,००० चौरस सेंटिमीटरच्या पंखाची, आणि तीही सोयाबीनचे पैसे आल्यावर, घरी विचारून.

बॅटनचे ताण सैल केले, दोन्ही शिडं धुऊन, सावलीत वाळवून, गुंडाळून माजघरात पलंगाखाली. मास्टचे तुकडे वेगळे करून, सांधे पुसून. जुन्या साडेसहाचा उरलेला पट्टा चुलत्यांनी कडब्याच्या गंजीवर टाकायला नेला. तडकलेली मोनोफिल्म तिथंही नको म्हणून कापून दिली. जुना ४६० मास्ट फ्लेक्स टॉप आहे, चांगला आहे, ज्याच्याकडं तसं शीड असेल त्यानं यावं आणि घेऊन जावं.